निरंक समजण्यात येईल

पत्र आलं गुरुवारी, पावणेसहाला,
सातारा जिल्हा परिषदेच्या भांडार शाखेत,
मी चष्मा पर्समध्ये ठेवल्यावर.
आसपासच्या नऊ देशांशी करार होतोय.
सरकारी खरेदीची दारं एकमेकांना उघडायची.
आपल्या कार्यालयाकडील कोणत्या बाबी
सदर प्रकरणातून वगळाव्यात,
ते सोमवारपर्यंत कळवावे.
अन्यथा माहिती निरंक समजण्यात येईल.

एकवीस वर्षांत निरंक इतक्यांदा लिहिलंय
की सहीसारखा वळतो हात.
प्रलंबित तक्रारी, निरंक.
गहाळ नस्त्या, निरंक.
एकदा विचारलं होतं, विधवा कर्मचाऱ्यांच्या अडचणी काय?
शाखेत तेव्हा मी एकटीच होते तशी.
मीच लिहिलं. निरंक.

सोबत परिशिष्ट.
त्यात एक शब्द सारखा ठेचकाळतो : उंबरठा.
उंबरठा रक्कम. तिच्या आतली खरेदी घरची,
वरची झाली की निविदा दाही दिशांना.
चलन कुठलंसं परकं. रुपये करून पाहिले.
वसतिगृहाची एकेक घोंगडी आत बसते,
पण साऱ्या तालुक्यांची बेरीज मांडली
की घोंगड्या उंबऱ्याबाहेर.

अवसरेसाहेब डब्याचं झाकण दाबत म्हणाले,
'निरंक पाठवून द्या, इंदूताई.
आपल्याकडं वगळण्याजोगं आहे तरी काय?'
खिडकीत अजिंक्यतारा होता, नेहमीसारखा,
त्यानं काही मत दिलं नाही.

शनिवारी म्हसवडला फोन लावला.
कोंडाबाई कारंडे. मागाचा आवाज येत होता.
म्हटलं, तुमच्या घोंगड्या करारातनं वगळायच्यात,
रकान्यासाठी माहिती हवी.

माग थांबला.
'आवं ताई, घरकुलाच्या यादीतनं वगळलं.
छावणीत मेंढरं मोजली तवा आमची वगळली.
दिराच्या पोरीच्या पत्रिकेत
आमच्या ह्यांचं नाव वगळलं, छापून आलं तसं.
आता ह्यातनं बी?
म्या काय वाईट केलं तुमचं?'

मी म्हटलं, या वेळचं वगळणं म्हणजे
आणि पुढं शब्दच नाही.
शासकीय भाषेत वगळण्याला दुसरं नाव कोणी ठेवलेलं नाही.
शेवटी म्हटलं, रानात मुक्काम पडला
की कोकरं वाघरीच्या आत घेता ना तुम्ही?
तसं.

बराच वेळ फोनवर नुसता वारा.
'मग वाघर म्हणा की.
वगळलं कशापायी म्हणता?'

मग तिनं सांगितलं, मी लिहून घेतलं.
लोकर काळ्या मेंढीची, खळ चिंचोक्याची,
माग खड्ड्यातला, पाय जमिनीच्या पोटात.
कारागीर किती?
'अकरा. पुण्याला हमालीला गेलेला धरला तर बारा.'
बारा लिहू?
'अकराच लिवा.'

रात्री झोप लागेना.
त्या नऊ देशांतही असेल एखादी भांडार शाखा,
माझ्यासारखीच कुणी, चष्मा परत काढणारी,
तिच्या ओळखीची कुणी टोपल्या विणत असेल, मच्छरदाण्या शिवत असेल.
तीही सोमवारच्या आत वाघर लावणार.
सगळ्यांनी लावल्या तर करारात रान किती उरेल?
हा प्रश्न मोठ्या पगाराच्या माणसांचा.
मी कूस बदलली.

सोमवारी साहेबांनी न वाचताच सही केली.
अकरा माणसं टपालात पडली.

शेवटच्या मसुद्यात आमची ओळ राहिली की नाही,
कोणी कळवलं नाही. स्मरणपत्रं दोन गेली.
कोंडाबाई फोन करते अधूनमधून,
'वाघर टिकली का वो?'
मी म्हणते, बघते.

कार्यालयीन प्रत माझ्या कपाटात आहे.
पाचव्या रकान्यात घोंगडी, हातमाग, अकरा.
कागद उजेडाकडं धरला
तर व्हाइटनरखाली, सवयीनं आधी उमटलेलं,
निरंक
अजून वाचता येतं.