एक्क्याण्णव

नाव नंदनवन, आणि पारा सेहेचाळीसवर.
मामाच्या खिडकीत कूलर, वाळ्याच्या ओल्या ताट्या,
त्याच्याकडे पाठ करून बसलेला होमेश्वर
आणि एक बाजू उघडीच ठेवलेला असेंबल कॉम्प्युटर.
"त्यालेही हवा लागते बे."

पडद्यावर एक रिकामा माणूस.
चेहरा नाही, नाव नाही, फक्त सहा रकाने:
ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण, छाप.
शहाणपणातून होमेश्वर बिनदिक्कत काढून घ्यायचा.
"लढनाऱ्याले ते काऊन पाह्यजे?"

आम्हाला दोन्ही हवं होतं,
हातात तलवार आणि तोंडात मंत्र.
सीताबर्डीवरून आणलेल्या पुस्तिकेच्या झेरॉक्समध्ये
बारीक अक्षरात लिहिलं होतं
की असा माणूस दोन्हीकडे उशिरा पोचतो.
राक्षस मारला तर अनुभव निम्मा हाताला जातो, निम्मा डोक्याला.
सोबतचे सगळे वरच्या पायरीवर,
हा अजून जिन्यात.
आणि अंगावर लोखंड असेल तर मंत्र फुटत नाही.

होमेश्वर सकाळी आयटीआयला, वायरमन.
रात्री बुटीबोरीच्या सूतगिरणीत.
दोन्हीकडचे सर त्याला एकाच नावाने हाक मारत:
"ए, झोपला का?"

पासा टाकला. त्र्याहत्तर.
पुन्हा. अठ्ठ्याहत्तर.
पुन्हा. सत्तर. पुन्हा.
थोड्या वेळाने डोळा आकडा वाचायच्या आत
बोट दाबून मोकळं होतं.
साडेतीनच्या सुमारास एक्क्याण्णव आला.
मी पाहिला. त्यानंही पाहिला.
आणि त्याचं बोट खाली गेलं.

एकोणसत्तर.

कूलरचं पाणी संपल्याचा आवाज येत होता, कुणी उठलं नाही.
मामी पन्ह्याचे पेले ठेवून गेली.
"गेला," तो म्हणाला,
सुटलेल्या बसबद्दल म्हणावं तसं.

तीन दुपारी गेल्या. शेवटी चौऱ्याऐंशीवर थांबलो.
नाव ठेवलं डोमाजी, गिरणीतल्या जॉबरचं,
कारण तो कधी चिडत नसे.
डोमाजीला तलवार दिली, चिलखत दिलं नाही,
एक निळा झगा, आणि पहिला मंत्र निवडायचा म्हणून
आगीचा, बाणाचा, सगळे सोडून
होमेश्वरने घेतला झोपेचा.
एकदाच म्हणता येई. मग तो मनातून पुसला जाई,
आणि आठ तास निजल्याशिवाय परत येत नसे.
"आठ तास!" होमेश्वर हसला. बराच वेळ हसला.

पाच वाजता तो बसला निघाला.
पांढरा दुपट्टा डोक्यावरून, नाकावरून, मानेभोवती,
दिसत होते फक्त डोळे.
खिशात मामीने कोंबलेला कांदा.
मी दारातून ओरडलो, "चिलखतही अन् मंत्रही? चालत नाही!"
लू अशी होती की त्याला डोळे मिटूनच बोलावं लागलं.
"कापडाचं हाय. चालते."

आता तो खांबावर चढतो, महावितरणचा.
चाळिशीत पर्मनंट झाला.
केंव्हाचे त्याच्यासोबतचे दोघं साहेब आहेत.

परवा माळ्यावर जुनी हार्ड डिस्क सापडली.
जोडली, घरघरली, उघडली.
डोमाजी त्याच धर्मशाळेच्या दारात उभा,
निळा झगा, चौऱ्याऐंशी,
मंत्र म्हणून झालेला, कुणावर ते आठवत नाही.

फोन केला. मागे ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता.
बराच वेळ तो काहीच बोलला नाही, मग म्हणाला,
"तो एक्क्याण्णव... तू नक्की पाह्यला होता?
मले आता वाट्टे, एकसष्ट असन.
नऊ अन् सहा, उन्हातून आल्यावर काय दिसते बे माणसाले."

वीस वर्षं लागली असतील त्याला ते सहा करायला.

"असन," म्हटलं मी.

मग डोमाजीला धर्मशाळेत नेलं,
आठ तास झोपवलं,
आणि मशीन बंद केली.