आडवा धागा

होटगीच्या रेल्वे क्वार्टरमागं, तारेच्या कुंपणावर
तो पसरलेला होता, कुणीच न लावल्यासारखा.
पेन्सिलीएवढी एक काडी मागितली.
गेटमनची बायको म्हणाली, दोन न्या की, एक मरतेच.
एक मेली.
दुसरी तेलाच्या डब्यात, नळाच्या कट्ट्याआड,
पावसाळाभर नुसती गप्प.
मग एका सकाळी खालच्या डोळ्यातून
तांबूस कोंब, मुंगीच्या डोक्याएवढा.

आमच्या घरकुलात पाणी पाचव्या दिवशी.
त्याला मी तांदूळ धुतलेलं दिलं,
तेंदूपानं भिजवून उरलेलं दिलं.
बुंध्याशी पानांची कात्रणं अंथरली,
हजार विड्यांमागं पोटभर पडतात ती;
भर मे महिन्यात खाली बोट घातलं
तर माती गार लागायची.
मावा पडला तेव्हा सुपातली तंबाखूची धूळ
रात्रभर भिजवली, फडक्यानं गाळली, शिंपडली.
मावा गेला. मला मात्र शिंका आल्या,
तीस वर्षं तंबाखूत बसून कधी न आलेल्या.

दुसऱ्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर,
पानं पापडासारखी, हात लावला की चुरा.
सून म्हणाली, उपटा आता.
मी नखानं साल खरवडली.
आत हिरवं होतं.
तेवढंच बघितलं आणि विड्या वळायला बसले.

तो पाइपाला धरून सरळ वर गेला.
मला वाटलं, पोर हुशार निघालं.
खिडकी, सज्जा, पन्हळ ओलांडून
रफिया शेखच्या गच्चीत पोचला
आणि तिथं, माझ्या नजरेपलीकडं, फुलला.
ती वरून ओरडायची, नरसक्का, आज अकरा!
खाली माझ्याकडं काटे,
वाळत घातलेलं लुगडं ओढणारे.

दसऱ्यानंतर मल्लेशम कुरापाटी उसने पैसे द्यायला आले.
चाळीस वर्षं मागावर उभे, कान खटखटीनं खाल्लेले,
म्हणून ते बोलतात ते सगळ्या गल्लीला.
पैसे हातातच ठेवून भिंतीकडं बघत राहिले.
“सगळं उभंच की ओ हे! आडवं कुठंय?
नुसत्या ताण्याचं कापड होतंय का?”

दुसऱ्या दिवशी भंगारातली मागाची चौकट आणली,
भिंतीपासून वीतभर सोडून ठोकली, वारा खेळायला.
बांधायला चादरीच्या किनारी, कारखान्यात कापून टाकलेल्या.
सुतळी नको, म्हणाले, सुतळी चावते.
काटे मोजत, कोपरापर्यंत ओरखडे घेत
आम्ही एकेक फांदी खाली आणली,
थोडी वाकवली, थांबलो, परत थोडी.
सगळ्यात जाड होती ती मोडली.
मल्लेशमना आवाज गेला नाही, पण हाताला कळलं;
बराच वेळ ते ती धरूनच उभे होते,
तुटलेला धागा सांधायला शोधावा तसे.
मी विडीच्या कात्रीनं तिला मुळाशी कापलं.
कात्री बोथट झाली, ती अजून तशीच आहे.

एक फांदी मी मुद्दाम उभी सोडली.
रफियाच्या गच्चीचं काय?

गड्ड्याच्या जत्रेआधी, थंडीत,
आडव्या फांदीच्या डोळ्याडोळ्यातून
लहान लहान फुटवे, सगळे वर तोंड करून,
आणि टोकांना झुपके, पाच, सात, नऊ.
रंग काही फार नाही,
दहा वर्षं धुतलेल्या चादरीचा गुलाबी.
वास नाकाजवळ धरल्यावर, तोही सकाळीच.
पण खिडकीच्या उंचीवर.
पानं कापताना मान वळवली की पुरे.

मल्लेशम आले. मी चहा ठेवला
आणि दारात उभी राहिले, काय म्हणतात बघायला.
त्यांनी चष्मा पुसला, फुलं बाजूला सारली,
मागच्या एका गाठीत करंगळी घालून बघितली.
“नरसक्का,” सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे म्हणाले,
“ही सैल करा. फांदी जाडावलीय.”