गलबतांचा आकडा

याकूब सोलकर छत्री उघडत नाहीत.
ऊन कितीही चढो, ती मिटलेलीच;
तिच्या टोकानं ते राजापूर दाखवतात.

"ही अर्जुना. तिकडून येते ती कोदवली.
आणि तुम्ही उभे आहात ना,
बरोबर इथं लागायची गलबतं.
एका वेळेला नऊ."

मी खाली पाहिलं.
घोट्याएवढं पाणी, गाळाची एक लांबट पाठ,
तिच्यावर रॉकेलचा डबा उभा करून
पोरांचं क्रिकेट चाललेलं.
चेंडू पाण्यात गेला, कुणी धावलं नाही.
खालच्या वळणाला तो अडकतो म्हणे,
रोजच.

"मस्कत, मोखा, बसरा,"
सोलकरांनी नावं घेतली
ती डेपोतला कंट्रोलर घेतो तशी:
लांजा, पाली, हातखंबा.
जणू पाच मिनिटांत सुटेल एखादं,
आणि मला खिडकी मिळायला हवी.

मग वखारीची म्हणून एक भिंत.
काळा पडलेला चिरा,
वर कुणीतरी गोधडी वाळत टाकलेली.
"गोधडी आत्ताची आहे," ते म्हणाले.
मी हसलो.
ते हसले नव्हते.

बाजारपेठेत ते भराभर चालले,
सुकटीचा वास, कुलपांचं दुकान, बंद पडलेली गिरणी,
कशाकशाकडे छत्री वळली नाही.
चौकात मात्र थांबली.
एका कापडवाल्याच्या खांबावर
तेलरंगाच्या रेघा, एकीवर एक.
छत्रीचं टोक माझ्या गुडघ्याशी आलं,
मग कमरेशी, मग थेट हनुवटीशी.
"ही माझ्या लग्नाच्या सालची.
ही धाकटा झाला तेव्हाची.
ही..." आणि टोक तिथंच राहिलं,
गिऱ्हाइकाला वाट देत
आम्ही बाजूला होईपर्यंत.

एकतीस वर्षं पाटबंधाऱ्यात.
पावसाळ्यात दर तासाला पट्टी वाचायची,
वहीत आकडा लिहायचा, खाली सही.
"पाण्याचं मी वाढवून सांगत नाही.
गलबतांचं सोडा.
गलबतं मागच्या वर्षी सात होती."
"मग?"
"माणसं यायची कमी झाली."

चहा त्यांनी बशीत ओतला, प्यायला नाही.
"एका रात्री पट्टीपर्यंत पोचलोच नाही मी.
घरात पाणी, आई माळ्यावर,
विजेरी हातातून गेली वाहून.
दोन, तीन, चार वाजताचे,
तीन आकडे मनानं लिहिले.
आधीचा बघितला, नंतरचा बघितला,
मधे बसतील असे.
साहेबांनी सही केली.
पुढं पुलाची उंची धरली
ती त्याच वहीवरून."

बशीतल्या चहावर साय धरली.
टपरीवाल्यानं रेडिओ बंद केला,
आमच्यासाठी नव्हे, बातम्या संपल्या म्हणून.

"पूल आहे ना पण?" मी विचारलं.
"आहे की.
दर आषाढात रात्री जाऊन बघून येतो.
आहे."

ठरलेले तीनशे दिले.
त्यांनी मोजले, पुन्हा मोजले,
नोटा छत्रीच्या घडीत सरकवल्या.
"पुलावरनंच चला डेपोत, जवळ पडतं."

मध्यावर आल्यावर त्यांनी
कठड्यावर छत्री वाजवली, दोनदा,
दार वाजवावं तशी,
आणि कान देऊन उभे राहिले.
मीही राहिलो.
एक ट्रक गेला, पायाखालचं सिमेंट थरथरलं,
त्यांनी माझा दंड धरला,
ट्रक गेल्यावरही थोडा वेळ धरूनच ठेवला.

गाडीत शेजारी एक बाई, मांडीवर कोकमांची पिशवी.
"बघण्यासारखं काय आहे हो तिथं?
आम्ही नुसते गाडी बदलतो."
बंदर होतं, मी म्हणालो. जुनं.
गलबतं यायची आतपर्यंत.
"अगोबाई. किती?"

खिडकीतून पूल दिसत होता,
खाली पोरं डबा उचलून घरी निघालेली.

"अकरा," मी म्हणालो.