पावती

पहिली मोटार गेली तेव्हा मी कोर्टात गेले.
सतरा तारखा. प्रत्येक तारखेला
वडगावातले माझे दोन्ही माग बंद,
आणि कन्नडात लिहिलेल्या माझ्याच फिर्यादीखाली
माझी मराठी सही,
परक्याच्या लग्नात गेलेल्या आपल्या घागरीसारखी.

नागेशाला चौदा महिने पडले, हिंडलग्याला.
मोटार मालखान्यात बसली,
गळ्यात चिठ्ठी, तीही आरोपीच.
सुटून आली तेव्हा आतली तार हिरवी पडलेली.
रिवाइंडिंगवाला म्हणाला, अक्का, वजनावर घालून सोडा.

नागेश तिच्या आधी सुटला.
माझ्या गल्लीत परत पाऊल टाकलं नाही त्यानं,
त्याचे मार्क तुरुंगाला द्यायचे तर द्या.
पण पुढच्या वर्षी खासबागेत तीन मोटारी गेल्या,
आणि गज वाकवायची तऱ्हा नवी होती.

दुसऱ्या वेळी तार गेली.
भंगारवाल्याच्या काट्यावरच सापडला पोरगा,
निंगव्वाचा सिद्राय, एकोणीस वर्षांचा,
मिशी अजून विचारात पडलेली.
बसवण्णाच्या कट्ट्यावर चौघं बसले.
होगली बिडरी, म्हणाले थोरले, पोलिसात नको,
भरून घेऊया.
नऊ हजार तीनशे.
दर शनिवारी तीनशे, एकतीस शनिवार.
मी हो म्हटलं. दया नव्हती त्यात.
सतरा तारखांचा कंटाळा होता.

तर तो येऊ लागला.
बाजार उठायच्या वेळेला, चप्पल उंबऱ्याबाहेर काढून,
नोटा पालथ्या ठेवून, मान खाली.
मी मोजायची. तो मोजताना बघायचा.
हमाली करायचा रविवारपेठेत,
हातांना मिरचीचा वास,
त्या नोटांनी माझे डोळे झोंबायचे.

नवव्या शनिवारी तो आला नाही.
मी दारात उभी,
कढईतली भाजी करपेपर्यंत.
तेव्हा लक्षात आलं,
नऊ आठवडे मी कुठं गावाला गेले नव्हते.
बहिणीचं डोहाळजेवण चुकवलं निपाणीचं.
जेलर घर सोडत नसतो.

रात्री निंगव्वा आली, ताप आलाय म्हणाली त्याला.
पदरातून तीनशे काढले,
सुटे, दहा-दहाचे,
चोरी न केलेल्या बाईचे.
मी घेतले.
हे लिहिताना हात अडतोय, पण घेतले.

वकिलाचा पोरगा विचारतो, मावशी,
चोरी कशानं थांबते, भिंतीनं की भरपाईनं?
मला काय माहीत, बाबा.
मला दोन चोर माहीत आहेत.
एकानं माझ्याकडं बघायचं सोडलं.
दुसऱ्याला एकतीस वेळा बघावं लागलं,
आणि मलाही.

शेवटच्या शनिवारी नोटा ठेवून तो गेला नाही.
पावती पायजे, म्हणाला.
कशाला रे?
कुणीतरी लिहून द्यावं की, मी दिलं म्हणून.
मी वहीचं पान फाडलं, मराठीत लिहिलं.
खाली कन्नडातनं पण लिवा, आई वाचंल.

माझं कन्नड म्हणजे बसच्या पाटीपुरतं.
त्यानं एकेक अक्षर सांगितलं,
मी गिरवत गेले,
पहिलीतल्या पोरीसारखी जीभ बाहेर काढून.
एक काना त्यानंच पुसून दुरुस्त केला.
दोन्ही लिप्यांखाली सही केली,
आणि त्यानं कागद चौघडी करून
खिशात नाही, शर्टाच्या आत घातला.

रात्री मागाची खोली बंद केली.
कुलपं दोन्ही लावली.
सवय.