उथळ वाटी

सातव्या महिन्यात गार्ड सशासारखा पळायला लागला.
मागचे दोन्ही पाय एकदम उचलायचा, एकदम टेकायचा.
शेजारचे जिजाबराव पारोळ्याकडचे,
म्हणायचे, "हाऊ कुत्रा शे का ससा शे भाऊ?"
कॉलनीतली पोरं गोळा व्हायची.
मी पोरांसाठी त्याला पुन्हा पळवायचो.

हे लिहून ठेवायला हवं:
मी त्याला पुन्हा पळवायचो.

चौतीस वर्षं भुसावळच्या शेडमध्ये फिटर होतो.
चाकावर हातोडी मारून सांगायचो तडा कुठे आहे.
आणि घरात,
थंडीच्या सकाळी तो पुढचे पाय रोवून
मागचं धड ओढायचा, जड रेक ओढावा तसं,
एक झटका, थांबा, परत एक झटका,
तर मी म्हणायचो, आळशी आहे लेकाचा.
दहा पावलांनी मोकळा व्हायचा, म्हणून.
बसायचा पाय एका बाजूला टाकून,
सायकलच्या कॅरिअरवर बाई बसते तसा.
जिन्याच्या तिसऱ्या पायरीशी थांबून वर बघायचा.
मी वरून बिस्कीट दाखवायचो.

एका रात्री हात सहज त्याच्या खुब्यावर होता.
तो कूस बदलायला गेला
आणि तळहाताला लागलं: टक्.
बेअरिंगमध्ये खेळ आला की असंच लागतं.
कोकिळा म्हणाली, झोपा आता.
मी बसून राहिलो.

यावलच्या डॉक्टर नजमा तडवींनी आधी त्याला चालवलं,
आणि त्याच्या मागून चालल्या, कमरेवर नजर ठेवून.
खांदे पहिलवानाचे, मांड्या पोरक्या.
"भार सगळा पुढे ढकलतोय हा."
मग जळगावला गुंगी देऊन, उताणा निजवून फोटो.
उजेडासमोर फिल्म धरली.
शाळेतला तोच उखळीचा सांधा,
पण गोळ्याला वाटी पुरत नव्हती.
ताटलीत ठेवलेल्या लिंबासारखा काठाशी आलेला.
"वाणातून येतं हे," त्या म्हणाल्या.
"मग वजन, उड्या, गुळगुळीत फरशी, सगळं त्यात भर घालतं."
मी विचारलं, बदलता येईल?
फिटर दुसरं काय विचारणार.
"येतं. लागलंच तर पाहू. आधी तूप बंद करा."

म्हणजे रविवारची वरण-बट्टी आमची आम्हीच.
त्याला मोजून एक वाटी, सकाळी; एक, संध्याकाळी.
बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्याला नाही.
शहाबादीवर शेडमधल्या जुन्या रबरी पट्ट्या अंथरल्या,
कोकिळेने त्यावर पोती शिवली.
जिन्याला फळी ठोकली, आडवी.
चेंडू माळ्यावर.
रात्री गरम पाण्याची पिशवी, फडक्यात गुंडाळून.
दुखायचं औषध डॉक्टरांनी दिलेलंच;
कोकिळेची गुडघ्याची गोळी त्याला चालत नाही,
हे त्यांनी दोनदा सांगितलं, माझ्याकडे बघून.
(मी एकदा अर्धी दिली होती. बोललो नाही.)

सावद्याचा एक केळीवाला मादी घेऊन आला,
म्हणाला, केवढा देखणा आहे, पिल्लं होऊ द्या.
नाही म्हटलं. कारणही सांगितलं.
त्याला वाटलं मी पैसे वाढवतोय.

उन्हाळ्यात पहाटे पाचला, डांबर तापायच्या आत,
आम्ही तापीवर जातो, उताराच्या बाजूने.
छातीशी पाणी आलं की तो तरंगतो
आणि पाय आळीपाळीने मारतो,
डावा, उजवा, डावा.
पाण्यात कुठलाच सांधा कुरकुरत नाही.
पंधरा मिनिटं. मग टॉवेल.

पोरं अजून म्हणतात, काका, ससा करा ना.
नाव गार्ड ठेवलं, सगळ्यात मागे असतो म्हणून.
आता तो पुढे, मी मागे,
कमरेवर नजर ठेवून.
काल थंडी होती. उठायला तीन झटके लागले.
परवा दोन.
मी बिस्कीट दाखवलं नाही,
शेजारी बसून राहिलो, उठेपर्यंत.