डाव्या कुशीवर

माहा डावा कान गेला
तेव्हा मी पाच महिन्यांची होती.
गेला म्हंजे अजून दाराशी उभा हाये,
आत येत नाही.
भांडं पडलं तर कळते. बोलणं कळत नाही.

श्रावणातल्या ओल्या पऱ्हाट्या चुलीत,
खोलीले एकच खिडकी, तिच्यात पोतं कोंबलेलं.
माय निंदणाहून आली की
मले उताणं टाकून तोंडात बाटली द्यायची,
बाटलीखाली लुगड्याची घडी,
अन् हात भाकरीत.

कान वाहू लागला तर शेजारीण म्हणे, दात येऊन राह्यले.
मंग लसूण कढवलेलं जवसाचं तेल,
कोमट, दोन थेंब.
दुसऱ्या दिवशी चार.
तेल घाणीचं होतं, चोख.
नको त्या घरात शिरलं, एवढंच.

मायले मी बोल लावत नाही.
तिले कोणी सांगतलं नव्हतं,
अन् सांगतलं असतं तरी
मांडी घालून बसायले वेळ
तिनं कोणत्या धुऱ्यावरून आणला असता?

आता गुणवंतदादाचं लेकरू सात महिन्यांचं हाये.
मी डाव्या कुशीवर झोपते,
चांगला कान वर ठेवून.
नाक चोंदलं का, घोट कसा उतरते,
सारं ऐकू येते.
वहिनी पेंगत पाजते,
तिच्या पाठीमागं मी उशी सरकवते:
बसून, प्रणिता. त्याचं डोकं जरा वर.

दादा उंबऱ्यात बिडी काढते.
बाहेर, म्हणते मी. अजून बाहेर. चिंचेपर्यंत.
"कान त्याचा हाये का तुहा?"
या कानानं ऐकून त्या कानानं सोडावं
तर माहा तो कानच बंद.
सारं आतच राहते.

सुकेशिनीताई सांगून गेली,
नवव्या महिन्याची सुई चुकवू नका,
छातीची हाये, पण कानालेही राखते.
कॅलेंडरवर मी चुन्यानं बोट उमटवून ठेवलं.

काल रात्री त्यानं कान धरला.
माह्या पोटात गोळाच आला.
बॅटरी लावली, कपाळ पाहलं, उशी हुंगली.
कोरडी.
त्याले फक्त कान सापडला होता,
नवाच,
अन् तो ओढून पाहत होता.

मी मागं जाऊन हळूच वाटी वाजवली.
वळला.
दुसऱ्या बाजूनं वाजवली.
वळला.
मंग तो माह्या डाव्या अंगाले रांगत आला
अन् काहीतरी बोलला.

काय बोलला ते ऐकायले
मीच वळली.