गडियार

निपाणीत शिंकेला भिऊन घड्याळ उघडावं लागतं.
वखार रिकामी होऊन बारा वर्षं झाली
खरं तंबाखू भिंतीतून गेलेला नाही,
ऊन चढलं की नाकात चढतो.
म्हणून दस्तगीरनं पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं :
"सिस्टर, शिंक आली की चिमटा ठेवायचा,
उठायचं, दाराबाहेर जाऊन शिंकायचं.
बंद घड्याळ कुठं पळून जात नाही."

बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात
नाड्या मोजल्या याच घड्याळावर.
चावीचं, एचएमटी, पहिल्या तीन पगारांतलं.
पंधरा सेकंद, गुणिले चार.
नजर काट्यावर, माणसाच्या तोंडाकडं नाही.
आत काय हलतंय ते विचारलंच नव्हतं कधी,
उघडून बघायचं काम डॉक्टरांचं.

मी रिटायर झाले, महिन्याभरात तेही बसलं.
बाजारात म्हणाले, टाका की बाई,
सेलवरचं नवं येतंय दोनशेला.

तर, रविवारी दुपारी, वखारीत.
बिस्किटाच्या डब्याचं झाकण, वाटीभर पेट्रोल,
टोक काढलेल्या बांबूच्या काड्या.
इरगोंडा हायस्कुलात गणित शिकवतो, कन्नडमधनं.
त्याच्याकडं चौदा घड्याळं आहेत
आणि चौदा वेळा.
दस्तगीरचा जन्म डेपोत बसखाली गेला;
म्हणतो, गिअरबॉक्सच हा,
फक्त खाली झोपता येत नाही.

आणि रेवूबाई.
चाळीस वर्षं विड्या वळलेली बोटं.
तिळाहून बारका स्क्रू ती नखाच्या टोकावर उचलते,
शिकवायला मात्र तिला येत नाही.
"असं," म्हणते
आणि झालेलं असतं.

माझ्या हाताला सुई सवयीची, शीर सापडवायची.
तरी हात थरथरला.
"सावकाश," इरगोंडा म्हणाला.
हा शब्द त्याच्यातही हाच, माझ्यातही हाच.
बाहेर पाट्यांवर काय लिहायचं त्याचं भांडण चालू दे.

त्याच्यात घड्याळाला गडियार म्हणतात.
"गडी म्हणजे सीमा," तो सांगतो.
"आमच्यात गडी म्हणजे जोडीदार," मी.
"आणि यार तर माझाच," दस्तगीर,
डोळ्यावरचं भिंग न काढता.

हसले, आणि तेवढ्यात
केसाएवढी स्प्रिंग उडाली.
टिंग.
एकच बारीक आवाज, मग काही नाही.
चौघं चार पायांवर, टॉर्च, लोहचुंबक,
फरशीच्या फटीत निघाले
एक टाचणी, कुणाचा तरी दात,
आणि जुना तंबाखू.
मला रडू आलं. घड्याळासाठी नाही बहुतेक.
दस्तगीर म्हणाला, माझ्या अकरा गेल्यात या खोलीत,
खुदा एखादं दुकान चालवत असेल वर.

पुढच्या रविवारी रेवूबाई उशिरा आली.
कमरेच्या केळातनं तिनं विडी काढली,
माझ्यापुढं ठेवली.
तेंदूचं पान, लाल दोरा.
"सोड की गाठ."

आत स्प्रिंग.
लुगड्याच्या घडीत गेली होती घरापर्यंत.
"तंबाखूची शीर वाटली, झटकणार होते."

यावेळी प्लास्टिकच्या पिशवीत दोन्ही हात घालून
आतल्या आतच बसवली.
थेंबभर तेल, थेंबातलाही निम्मा.
चार वेळा चावी.
बॅलन्स आधी नुसता शहारला,
मग एका बाजूला गेला, परत आला.
माझी दोन बोटं सवयीनं माझ्याच मनगटावर,
मोजायचं राहूनच गेलं.

दिवसाला सहा मिनिटं मागं पडतंय.
इरगोंडानं वहीत आकडे मांडले,
दस्तगीरला रेग्युलेटर आत्ताच ढकलायचा होता.
रेवूबाईनं ते दोघांच्या मधनं उचललं,
कानाला लावलं, डोळे मिटले.
वखारीत कुणीही शिंकलं नाही.

"लंगडतंय जरा," ती म्हणाली,
"खरं चालतंय."